शुल्कमाफी प्रवेशाच्या दिवशीच मिळावी

संपादक महोदय,

माझी थोरली मुलगी २०२१ मध्ये अभियांत्रिकीला लागली, तेव्हा पहिल्या वर्षाचे शुल्क भरण्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या. धाकटीच्या वेळी दिवस जरा बरे आले. राज्य शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्म्याऐवजी पूर्ण सवलत मिळाली. या निर्णयाबद्दल मी शासनाचा मनापासून ऋणी आहे.

तरीही प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाने, शासनाकडून रक्कम आल्यावर परत करू असे सांगून, शुल्क आधी भरण्याचा आग्रह धरलाच. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याला माफीची निकड कमी असते, ही साधी गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. शिवाय खोलीभाडे, खानावळ आणि पुस्तके हा भार वेगळाच; ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून गरिबांच्या मुलांच्या राहण्याजेवणाचीही काळजी वाहिली, तिथे हे अधिकच बोचते. महाविद्यालयांची प्रतिपूर्ती वेळेवर करून पात्र मुलींकडून आगाऊ रक्कम घेण्यास सक्त मनाई करावी, अशी माझी विनंती आहे.

थोरलीला गेल्या वर्षी नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिने आईच्या पाटल्या सोडवून आणल्या, तेव्हा गहाणाच्या पावतीच्या घड्या पार विरल्या होत्या.

— एक पालक, सातारा