आत सळई नाही

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, नाहीतर बाकीचं पत्र तू नुसतं चाळशील. वाळूशिल्पांच्या आत सळई नसते. जाळी नसते, बांबू नसतो, लाकडाचा ठोकळाही नसतो. मी डोळ्यांनी पाहिलं आणि हात लावून पाहिलं. चार वर्षं आपण त्या वाळूशिल्पांपुढे उभं राहून भांडलो. तू म्हणायचास, "पुढे काढलेला हात सळईशिवाय राहूच शकत नाही, मी उभा जन्म साइटवर काढलाय." मी म्हणायचो, "नसेल रे," पण माझ्याकडे पुरावा नव्हता. यंदा पुरावा मिळाला आणि तू शेजारी नव्हतास. गुडघ्याचं ऑपरेशन टाळता येण्यासारखं नव्हतं हे कळतं, तरी त्या क्षणी मी खरोखर वळून तुला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

या वेळी मी महोत्सव सुरू व्हायच्या आठ दिवस आधी गेलो. आपण नेहमी शेवटच्या दोन दिवसांत जायचो आणि तयार शिल्पं बघून परत यायचो. आता वाटतं, आपण इतकी वर्षं फक्त जेवणाची ताटं पाहिली, स्वयंपाकघरात डोकावलोच नाही.

पोचलो तेव्हा मैदानावर शिल्प एकही नव्हतं. वाळूचे ढीग, पाण्याचे पाइप आणि लाकडी फळ्यांचे चौकोनी साचे. तुला पाहताक्षणी काँक्रीट ओतायचं शटरिंग वाटलं असतं. समुद्र दोनशे पावलांवर असून वाळू मात्र ट्रकने आणलेली. हे मला विचित्र वाटलं, तुला वाटलं नसतं. लाटांनी वर्षानुवर्षं घोळलेला किनाऱ्यावरचा कण गुळगुळीत होतो, एकावर एक गोट्या रचाव्या तसा घसरतो. खाणीतल्या वाळूचा कण कोनेरी असतो, एकमेकांत अडकून बसतो, आणि तिच्यात थोडी बारीक मातीही असते. साइटवर मूठभर वाळू तळहातावर चोळून तू ट्रक परत पाठवायचास ना, अगदी तसंच इथला मुख्य कारागीर करत होता. फरक एवढाच की तुला नको असलेली माती त्याला थोडी हवी होती.

मग तीन दिवस नुसती भराई. सर्वांत मोठा साचा तळाला, त्यात फावड्यांनी वाळू, वर पाणी, मग ठोकून घट्ट करायला धुम्मस. वीतभर थर बसला की पुढचा. साचा भरला की त्यावर थोडा लहान साचा, त्यावर आणखी लहान. कडेकोपऱ्यांत धुम्मस पोचत नाही तिथे माणसं साच्यात उतरून पायांनी तुडवत होती. पाणी इतकं ओतत होते की मला भीती वाटली, सगळं वाहून जाईल. एकाला विचारलं, तर म्हणाला की हे पाणी राहण्यासाठी नाही, जाण्यासाठी आहे. ते खाली झिरपताना कण जागच्या जागी बसवत जातं. झिरपून झाल्यावर जे किंचित उरतं, तेच सगळं धरून ठेवतं.

यामागचं शास्त्र मी परत येऊन वाचलं, कारण तू विचारणार हे माहीत होतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या डॅनियल बॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. दोन ओल्या कणांच्या मधे पाण्याचा एक इवलासा पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो दोघांना एकमेकांकडे खेचतो. असे असंख्य पूल मिळून वाळू उभी राहते. त्यांच्या मोजणीत वाळू सर्वांत बळकट झाली ती आकारमानाच्या फक्त 1 टक्क्याच्या आसपास पाणी असताना! पाणी फार झालं की पूल एकमेकांत मिसळतात आणि ओढ संपते. खांबाच्या उंचीचंही गणित त्यांनी मांडलंय. वाळूचा खांब जास्तीत जास्त किती उंच उभा राहील, ते तळाच्या त्रिज्येच्या दोन तृतीयांश घातानं वाढतं. म्हणजे त्रिज्या दुप्पट केलीस तर उंची दुप्पट होत नाही, साधारण 1.6 पट होते. तू करून बघशीलच.

याच विद्यापीठातल्या मंडळींनी 2014 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, तीही सांगून टाकतो. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र आहे, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं. घसरगाडीवर प्रचंड पुतळा, ओढणारी माणसांची रांग, आणि गाडीच्या पुढच्या टोकाशी उभा राहून वाळूवर पाणी ओतणारा एक माणूस. बरीच वर्षं तो विधी समजला जायचा. यांनी प्रयोग करून दाखवलं की योग्य तेवढं पाणी घातलं तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो, कारण ओली वाळू गाडीपुढे ढिगासारखी साचत नाही. मुलांना मी वर्गात ते चित्र किती वेळा दाखवलं असेल! त्या माणसाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी कोरणं सुरू झालं. सगळे साचे एकदम काढत नाहीत. सर्वांत वरचा साचा उघडायचा, शिल्पकार खालच्या साच्याच्या कडेवर उभा राहणार आणि वरचा भाग पूर्ण करणार. मग पुढचा साचा. काम वरून खाली येतं आणि परत वर जाता येत नाही, कारण उभं राहायला जागाच उरत नाही, शिवाय वरून पडणारी वाळू खालचं काम बिघडवते. चित्रकलेचा मास्तर म्हणून मला हे फार अवघड वाटलं. मी मुलांना नेहमी सांगितलं की आधी सगळ्या कागदावर हलक्या हातानं आकार मांडा, मग तपशील. इथे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पूर्ण झालेल्या असतात तेव्हा पाय अजून फळ्यांच्या आत असतात. सगळं चित्र आधी डोक्यात पुरतं असावं लागतं.

मी एकाच शिल्पापाशी जास्त थांबलो. एक आजी बसलीये आणि पुढ्यातल्या नातीची वेणी घालतेय, असं ते शिल्प. करणारी बाई चाळिशीची, काटक, बोलणं मोजकं. हत्यारं म्हणाल तर गवंड्याची करणी, दोनतीन कालथे, रंग मिसळायची सुरी, मऊ ब्रश, आणि तोंडात शीतपेयाची नळी. कोरताना डोळ्याच्या खाचेत किंवा बोटांच्या फटीत सुटे कण साठतात, तिथे हात लावला तर धार मोडते, म्हणून नळीनं फुंकर घालून ती ते उडवत होती. मधून मधून झाडांवर औषध मारायच्या पंपानं पाण्याचा अगदी बारीक फवारा.

तिचं काम बघताना मला जे दिसलं ते तुला सांगायलाच हवं. वाळूला एकच रंग. केस काळे नाहीत, डोळ्यात बुबुळ नाही. जे काही दिसतं ते सावलीनं. नातीच्या डोळ्यात तिनं बुबुळाच्या जागी खोल भोक पाडलं आणि त्याच्या वरच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढा कण ठेवला. खोल जागा काळी दिसली, तो कण चमकला, आणि मुलगी एकदम बघायला लागली. आजीच्या लुगड्याच्या चुण्या दुपारी बाराला नाहीशा झाल्या होत्या, सपाट. संध्याकाळी पाचला ऊन आडवं आलं आणि प्रत्येक चुणी उठून दिसली. आपण दर वेळी भर दुपारी फिरून, दमून, सावलीत बसायचो. पुढच्या वेळी दुपारी झोप आणि सकाळ-संध्याकाळ शिल्पं, हे मी ठरवून टाकलंय.

आता मुख्य प्रसंग. कोरण्याचा तिसरा दिवस, दुपारचे साडेतीन. वारा वाढला होता. आजीचा उजवा हात वेणीचं टोक ओढून धरण्यासाठी बाहेर काढलेला, कोपराखालून आरपार मोकळी जागा. हाच तो हात, जो बघून तू "सळई!" म्हणाला असतास. बाई त्या मोकळ्या जागेची खालची कड साफ करत होती. आवाज झालाच नाही. कोपरापासून पुढचा हात, वेणीचा अर्धा भाग आणि नातीच्या खांद्याचा एक तुकडा खाली बसला, पोतं सैल व्हावं तसा. जमलेल्या लोकांच्या तोंडून "अरेरे" निघालं. कुणीतरी मोबाइल वर केला. मला तिच्याकडे बघवेना.

ती दोन पावलं मागे सरली, नळी तोंडातून काढली आणि जमिनीवर बसली. दहा मिनिटं तरी बसून होती. मी दोरीच्या अलीकडेच होतो. तिनं मला इतके दिवस पाहिलं होतं, म्हणून धीर करून विचारलं, "जवळून बघू का?" तिनं मान हलवली.

तर मित्रा, तुटलेल्या जागी काय होतं ऐक. आडवे थर. वीतभर अंतरानं एकेक फिकट रेघ, जिथे एक थर संपून दुसरा सुरू झाला होता, भराईच्या त्या तीन दिवसांचा सगळा हिशेब. बाहेरची त्वचा उन्हानं वाळून पांढुरकी झालेली, आणि आतला भाग गडद, गार, ओलसर. बोट टेकवलं तर दगडासारखा घट्ट, नख ओढलं तर कण सुटे. सळई नाही, तार नाही, काही नाही. मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. ती त्या दिवशी पहिल्यांदाच हसली. म्हणाली, आत काही कडक घातलं तर उलट धोका असतो. वाळू खाली बसत असते, सळई बसत नाही, मग तिच्याभोवतीच चीर जाते. काँक्रीट आणि पोलाद एकमेकांबरोबर हलतात म्हणून तुझं काम चालतं, हे तूच मला कधीतरी समजावलं होतंस. तेव्हा तुझं म्हणणं तुझ्या मालाच्या बाबतीत बरोबरच होतं.

नंतर ती उठली आणि तिनं तुटलेलं जोडायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मोडलेला तुकडा परत चिकटत नाही, भराईच्या वेळचा दाब नव्यानं देता येत नाही. उरलेल्या वाळूत काय बसेल ते ती बघत राहिली. मग आजीचा खांदा उतरवला, हात अंगाजवळ घेतला आणि आधी मांडी होती तिथे त्याची बोटं कोरली. वेणी पूर्ण घालून झालीये आणि आजीनं हात नुकताच मांडीवर टाकलाय, असं झालं ते. नातीच्या खांद्याची तूट केसांच्या सुटलेल्या बटांत गेली. रात्री दिव्यात मी पाहिलं तेव्हा मला हे पहिल्यापेक्षा जास्त खरं वाटलं. माझ्या आईचा हात असाच पडायचा.

मंडपात इतर ठिकाणच्या शिल्पांचे फोटो लावले होते. डेन्मार्कमधल्या ब्लोखुसला 2021 मध्ये 21.16 मीटरचा किल्ला झाला, तो जागतिक विक्रम. 4,860 टन वाळू, आणि चिकटपणासाठी तीत दहा टक्क्यांच्या आसपास चिकणमाती. तळ रुंद आणि वर निमुळता, पिरॅमिडसारखा, गणित आठव. पुरीचे वाळूशिल्पकार सुदर्शन पटनायक यांचाही फोटो होता. त्यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि 2025 मध्ये इंग्लंडमधल्या वेमथच्या महोत्सवात त्यांनी 10 फुटी गणपती केला. तो फोटो बराच वेळ पाहत उभा राहिलो. सोंडेखालची सावली काय धरलीये त्यांनी!

एक गोष्ट मात्र खटकली. शिल्पांपुढून जाणारा प्रत्येक दुसरा माणूस "शेवटी वाळूच ती" असं म्हणत होता, जणू एवढ्यात सगळं आलं. काम करणारं कुणी तसं बोलताना मी ऐकलं नाही. ते वाऱ्याची दिशा, थर, धार आणि उद्या पाऊस येईल का, एवढंच बोलत होते. पूर्ण झाल्यावर वरून पातळ केलेला गोंद फवारतात, त्याची पापुद्र्यासारखी साय धरते आणि शिल्प कित्येक आठवडे उभं राहतं. जपानमध्ये तोत्तोरीला तर वाळूशिल्पांचं संग्रहालयच आहे. 2012 पासून त्याला स्वतःची पक्की इमारत आहे, आणि तिथे विषय बदलला की जुनी शिल्पं मोडून त्याच वाळूतून नवी करतात. मला वाटतं, टिकण्या-न टिकण्याची चर्चा करणाऱ्यांनी एकदा भराईच्या दिवशी येऊन धुम्मस हातात घ्यावा.

पुढच्या वर्षी आपण दोघं भराईलाच जायचं. गुडघा तोवर बरा झालेला असेल. तुला साच्यात उतरता येणार नाही, पण कडेला खुर्ची टाकून कोणता थर कच्चा राहिलाय ते तू नक्की सांगू शकशील, आणि ते लोक ऐकतील. मी त्यांना सांगून ठेवलंय.

सोबत एक काड्यापेटी पाठवतोय, चिकटपट्टी जपून काढ. तिच्यात आजीच्या पडलेल्या कोपराचा तुकडा आहे, बाईला विचारून घेतलेला. निघताना ढेकूळ होतं, तुझ्यापर्यंत येता येता सुटं झालं असेल. भिंगाखाली ठेवून कणांचे कोन बघ आणि वाळू कशी आहे ते मला कळव. ट्रक परत पाठवला असतास की ठेवून घेतला असतास?

तुझाच,
मास्तर