अडुसष्ट मात्रा

कॅन्सस सिटी, ७ जून

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगायला गेले तर बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देणार आणि आई रडणार. म्हणून लिहितेय. मी नोकरीचा राजीनामा दिलाय. ३१ जुलै शेवटचा दिवस. ऑगस्टपासून दोन वर्षं पूर्णवेळ संगीतरचना शिकणार. तुम्हाला विचारलं नाही, नुसतं कळवतेय, हे मलाही टोचतंय.

आधी पैशांचं. फी माफ आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचं, त्याचे दरमहा पैसे मिळतील. विमा विद्यापीठाचा. व्हिसाचे कागद वकिलाला दाखवून झाले. तुमच्याकडे पाच तारखेला येणारे पैसे येतच राहतील, तेवढे वेगळे काढून ठेवलेत. खोली बदलत नाहीये, कुकर तोच, आणि हो आई, वरण-भात रोज होतो.

बाबा, तुम्ही म्हणाल, तेहतिसाव्या वर्षी हे काय सुचलं? चेन यी म्हणून एक चिनी संगीतकार आहेत, १९९८ मध्ये या गावातल्या विद्यापीठात रचना शिकवायला आल्या. शिकण्यासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचल्या ते साल १९८६, तेव्हा त्याही तेहतिशीतच होत्या. डॉक्टरेट १९९३ ला, म्हणजे चाळिशीत. मी त्यांच्या हाताखाली शिकणार नाहीये, भेटलेही नाही कधी. पण दोन वर्षं ऑफिसला जाता-येता गाडीत त्यांचंच संगीत लागलेलं असतं.

आई, त्यांचे आईवडील ग्वांगझूचे, दोघंही डॉक्टर. आणि तिन्ही मुलं संगीतात! (हे मावशीला सांगू नकोस, ती लगेच उलटं काहीतरी बोलेल.) चेन यींच्या तिसऱ्या वर्षापासून हातात व्हायोलिन. मग माओची सांस्कृतिक क्रांती आली आणि पाश्चात्य संगीत घरात वाजवणंसुद्धा धोक्याचं झालं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या व्हायोलिनला म्यूट लावायच्या, पियानोच्या आत पांघरूण घालायच्या.

हे वाचलं आणि मला आपली मधली खोली दिसली. बाबा रात्रपाळी करून झोपलेले, आणि तू व्हायोलिनच्या घोडीला कपड्यांचा चिमटा लावून देतेयस. निळा, एका बाजूने फुटलेला. डास गुणगुणावा तसा आवाज यायचा. तरी पोळ्या लाटता लाटता तुला भूप ओळखू यायचा आणि तू आतून "गंधार!" म्हणून ओरडायचीस. त्यानेच बाबा जागे व्हायचे, माझ्या वाजवण्याने नाही.

पुढे चेन यींना खेड्यात मजुरीला धाडलं, दोन वर्षं दगडमाती वाहिली. व्हायोलिन बरोबर नेलं होतं. परवानगी फक्त क्रांतिगीतांची, तर त्या गाण्याच्या ओळींच्या मधे अवघड जागा घुसवून स्वतःचा रियाज करायच्या! सतराव्या वर्षी परत आल्या त्या पेकिंग ऑपेराच्या मंडळीत मुख्य व्हायोलिनवादक म्हणून, आठ वर्षं. आपल्याकडे संगीत नाटकाच्या साथीला बसावं तसंच की. चिनी संगीत त्यांच्या अंगात मुरलं ते तिथे. नंतर बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्व्हेटरीतून रचनेत मास्टर्स, ही पदवी मिळवणारी चीनमधली पहिली स्त्री.

बाबा, आता हे फक्त तुमच्यासाठी. 'बा बान' नावाची जुनी चिनी धून आहे. आठ ओळी, दर ओळीला आठ मात्रा, फक्त पाचवीला चार जास्त. टेबलावर बोटं वाजवून मोजा: सात आठे छप्पन्न आणि बारा, अडुसष्ट. चेन यींनी त्याच नावाची पियानोची रचना केली, १९९९ ची. ऐकताना धून लगेच हाती लागत नाही. वाद्य पियानोच आणि आतला हिशोब त्यांच्या घरचा. मला हेच करायचंय. पाश्चात्य चालीला वरून तबला चिकटवून फ्यूजन म्हणणारे पुष्कळ आहेत, ते नको. तुम्ही मला झपताल मांडीवर थापटून शिकवलात, तो चेलोच्या पोटात कसा जाईल ते बघायचंय.

आणि दहावीला व्हायोलिनची पेटी माळ्यावर गेली, त्याचा माझ्या मनात काही राग नाही. तेव्हा नानांचं सगळं चाललेलं, क्लासची फी कुठून येणार होती? इंजिनिअरिंग केलं म्हणून तर आज दोन वर्षांची शिल्लक जमली. हे खरंच लिहितेय, समजूत घालायला नाही.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदू याच महिन्यात. "पाऊस संपू दे" चालणार नाही. आई, साखर उपाशीपोटी तपासायची, चहा पिऊन नाही, मला आकडे बघून कळतं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या, मिस्त्रीचे पैसे पाठवलेत. जिन्यातला दिवा बदला.

गणपतीला येणं जमणार नाही. डिसेंबरचं तिकीट मात्र काढलंय, २० तारखेला पोचते मिरजेला. पेटी मी आल्यावर काढू. बाबा, स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या सोन्यालाही चढवायचं नाही. चिमटा बहुतेक पेटीतच, गजाला घासायच्या राळेच्या डबीशेजारी असेल. नसला तर आई, तुझ्या दोरीवर बघ.

तुमची,
चिमी