मूळ शूटिंग पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एका वाचकाने विचारले होते, जुन्या हॅन्डीकॅमचे शूटिंग घरच्या संगणकावरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, काय करावे? त्याला उत्तर दिले होते की, एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर एमपी4 करून घ्या आणि जागा वाचवायला मूळ फाइल काढून टाका. त्यातल्या शेवटच्या वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मी कुडाळला व्हिडिओ मिक्सिंगचे काम करते. असाच कुणाचा तरी सल्ला ऐकून मूळ शूटिंग पुसून आलेली माणसे माझ्याकडे येतात आणि ‘पहिल्यासारखे करून द्या’ म्हणतात. ते कुणालाच करता येत नाही.

फाइल उघडली नाही की ती खराब झाली असे लोक धरून चालतात. बहुतेक वेळा तसे नसते. फाइलच्या नावाच्या शेवटी दिसणारी एमटीएस, एमओडी, एव्हीआय ही डब्यावरची नावे आहेत. आत चित्र कोणत्या पद्धतीने भरले आहे, आवाज कोणत्या पद्धतीने, ते वेगळे असते आणि सॉफ्टवेअर अडते ते आतल्या मालावर. म्हणून आधी ती फाइल व्हीएलसी या मोफत प्लेअरवर लावून बघा. तिथे नीट चालली तर शूटिंग शाबूत आहे. मग मीडियाइन्फो नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये टाका. आत काय आहे ते सगळे तो सांगतो.

2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने शूटिंग साठवण्याची एव्हीसीएचडी पद्धत आणली. त्यानंतरच्या घरगुती हॅन्डीकॅममध्ये बहुतेक तीच सापडते. तिच्यात चित्र एच.264 नावाच्या पद्धतीने भरलेले आणि आवाज बहुधा डॉल्बी कंपनीच्या एसी-3 पद्धतीने. चित्र दिसते पण आवाज येत नाही अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के लोकांना वाटते तसा माइक गेलेला नसतो, सॉफ्टवेअरला एसी-3 कळत नसतो. अशा वेळी एफएफएमपेग या मोफत प्रोग्रामने चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसी या सर्रास चालणाऱ्या पद्धतीत बदलता येतो. चित्राचा एक कणही कमी होत नाही आणि कामही पटकन होते. ऑनलाइन कन्व्हर्टर मात्र सहसा चित्र पुन्हा दाबतो, आणि शूटिंगची तारीख-वेळ जी कॅमेऱ्याने फाइलच्या आतच लिहिलेली असते, तीही या फेऱ्यात बहुधा जाते. आजोबा कोणत्या वर्षीच्या जत्रेत उभे आहेत हे पुढे सांगणारी तेवढीच एक नोंद असते.

कार्डावरून उचलताना लोक ‘स्ट्रीम’ फोल्डरमधल्या एमटीएस फाइली तेवढ्या घेतात. कृपा करून अख्खे कार्ड जसेच्या तसे कॉपी करा, ‘प्रायव्हेट’ फोल्डरसकट. शूटिंग लांबले की कॅमेरा 2 किंवा 4 जीबीला फाइल तोडून पुढची सुरू करतो. हे तुकडे सुटे सुटे टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर लावले की सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. मंगलाष्टके चालू असताना असा तुटका आवाज किती खटकतो ते लग्नघरातल्यांना विचारा. कॅमेऱ्यासोबत आलेल्या प्रोग्रामने उतरवले तर तो तुकडे नीट जोडून देतो. तो नसेल तर विंडोजच्या कॉपी कमांडला स्लॅश बी (/b) लावून ओळीने जोडले तरी चालते, पण एकाच सलग शूटिंगचे तुकडे असतील तरच.

एमओडी फाइली त्याआधीच्या, हार्ड डिस्कवाल्या कॅमेऱ्यांच्या. जेव्हीसीचे एव्हरिओ कॅमेरे आपल्याकडेही बऱ्याच घरांत होते. आत साधे एमपेग-2 असते, त्यामुळे कॉपीवरचे नाव बदलून एमपीजी केले तरी पुष्कळ सॉफ्टवेअर ती घेतात. मात्र चित्र रुंद आहे ही खूण शेजारच्या एमओआय फाइलमध्ये असते. ती मागे राहिली की माणसे उंच आणि बारीक दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचे प्रमाण 16:9 करा, झाले.

आता ज्याविषयी मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ते. आमच्या भागात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार चालतो. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी हौसेने केलेले दशावताराचे शूटिंग घरोघरी पडून आहे. त्यातले कितीतरी कलाकार आज हयात नाहीत. हे शूटिंग जवळपास सगळे इंटरलेस्ड आहे: सेकंदाला 25 चित्रे, पण प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत, म्हणजे हालचालीचे 50 क्षण. संगणकाच्या पडद्यावर ते तसेच बघितले की तलवारीच्या युद्धात कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. लोक घाबरून या रेघा घालवणाऱ्या ‘डीइंटरलेस’ पर्यायाला टिक करतात आणि सेकंदाला 25 चित्रांवर काढतात. रेघा जातात, पण त्याबरोबर अर्धी हालचाल जाते. संकासुराची उडी, पखवाजावरचा हात यांची सगळी चपळाई त्या अर्ध्यात असते. एफएफएमपेगमध्ये किंवा हॅन्डब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये सेकंदाला 50 फ्रेमवर डीइंटरलेस करून घ्या. बघताना फरक लगेच कळतो. दुसरे, डीव्ही कॅसेटमध्ये खालचे अर्धे आधी येते, एव्हीसीएचडीत वरचे. प्रोजेक्टमध्ये हा क्रम उलटा पडला तर चित्र थरथरते. आखातातून आणलेला कॅमेरा बहुधा आपल्यासारखाच ‘पाल’ पद्धतीचा, सेकंदाला 25 चित्रांचा असतो, अमेरिकेतून नातलगाने आणलेला एनटीएससी पद्धतीचा, 30 च्या हिशोबाचा. दोन्ही एका टाइमलाइनवर टाकण्याआधी हे तपासा.

कॅसेटवाल्यांना थोडक्यात सांगते. मिनीडीव्ही कॅसेट फायरवायर नावाच्या केबलनेच संगणकावर उतरवा. कॅमेऱ्याला यूएसबी असली तरी पुष्कळ मॉडेलमध्ये ती फोटोंपुरतीच आहे. एक तासाच्या कॅसेटला सुमारे 13 जीबी लागतात. ती जागा द्या, आजच्या हार्ड डिस्कला ते जड नाही. उतरलेल्या एव्हीआयचा आवाज एडिटिंगमध्ये येत नसेल तर ती टाइप 1 (आवाज चित्रातच मिसळलेली) असण्याची शक्यता आहे, टाइप 2 (आवाज वेगळा ठेवणारी) करून घेता येते आणि त्यात काही बिघडत नाही. पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅमेऱ्यात घालू नका, हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. आणि छोट्या डीव्हीडीचा कॅमेरा असेल तर तो चालू आहे तोवर प्रत्येक डिस्क त्यातच ‘फायनलाइज’ करून घ्या, म्हणजे ती दुसरीकडेही उघडेल.

सॉफ्टवेअर येतात आणि जातात. एकेकाळी घराघरांत वापरला जाणारा विंडोज मूव्ही मेकर देणे मायक्रोसॉफ्टने 10 जानेवारी 2017 ला बंद केले. आज शॉटकट किंवा केडेनलाइव्ह मोफत मिळतात आणि वर सांगितलेल्या बहुतेक फाइली थेट घेतात. पाच वर्षांनी आणखी चांगले काही येईल, तेव्हा हातात मूळ फाइल हवी. म्हणून एडिटिंगसाठी कॉपी घ्या आणि मूळ दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, शक्यतो दोन वेगळ्या घरांत.

मागच्या उत्तराची दुरुस्ती त्याच पानावर, ठळक छापावी ही विनंती. शक्य झाल्यास गणपतीच्या आधी, कारण त्या दिवसांत घरोघरी कपाटातली जुनी कार्डे बाहेर निघतात आणि नव्या शूटिंगला जागा हवी म्हणून फॉरमॅट होतात.

आपली,
एक व्हिडिओ मिक्सिंग व्यावसायिक, कुडाळ (सिंधुदुर्ग)