तुझ्या तीन झाडांपैकी दोन जगली

जि. यवतमाळ
नवतपा संपल्याचा दुसरा दिवस

प्रिय मंदे,

तू चिपळूणहून बुटाच्या खोक्यात घालून पाठवलेल्या तीन टिलँडसियांतलं, म्हणजे मातीवाचून जगणाऱ्या त्या झाडांतलं, एक गेलं. फोनवर तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा ‘बरी आहेत’ म्हणून मी विषय टाळला. आता लिहूनच सांगते, म्हणजे मधेच तुला बोलता येणार नाही.

खोकं उघडलं तेव्हा सासूबाई शेजारी तूर निवडत बसल्या होत्या. “काय वं हे? माती नाही, कुंडी नाही. मंग खाते काय?” मी तुझी चिठ्ठी वाचून दाखवली, ‘हवेवर जगतात, अधूनमधून फवारा मार, बस.’ “हवेवर जगाले ते काय साधूबुवा हाय?” म्हणत त्यांनी बांडगूळ असं नाव ठेवून दिलं. ते मात्र मी मानलं नाही. बांडगूळ फांदीत मूळ खुपसून रस पितं. ही नुसती धरून बसतात, आपल्याकडं मोहाच्या झाडावर व्हँडाचं ऑर्किड बसतं तशी. मूळ पकडीपुरतं, पाणी प्यायचं पानांनी. पानावरची चंदेरी लव म्हणजे बारीक खवले, तेच पाणी टिपतात.

पण मंदे, तुझी चिठ्ठी तुझ्या हवेची होती गं. कोकणात फवारा पुरत असेल. इथं एप्रिल लागला आणि फवाऱ्याचं पाणी बघता बघता उडून जायला लागलं. तिघींतली ती आयोनान्था, मुठीएवढी, तिची पानं आत वळून पन्हाळीसारखी झाली. तहान लागली की ही अशी वळतात. मी घमेल्यात पाणी घेतलं आणि रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी बघते तर पानं पुन्हा पसरलेली. मला वाटलं, गुपित सापडलं! मग काय, रोज जेवणं झाली की तिघींची आंघोळ.

तिथंच बल्बोसा गेली. तिचं बूड पोकळ कांद्यासारखं असतं ना (तिच्या मुलखात त्यात मुंग्या राहतात म्हणे), त्यात पाणी साचून राहिलं. आठ-दहा दिवसांनी बुडाशी काळं दिसलं, पान ओढलं तर अलगद हातात आलं. दिराच्या मुलानं संत्र्याच्या बागेतलं बुरशीचं औषध, कॉपर ऑक्सिक्लोराइड म्हणजे तांब्याचं, आणून दिलं. बरं झालं मारायच्या आधी वाचलं. तांबं यांना विषासारखं. तोवर इकडं ह्यांनी तुझी ती लांब दाढी, स्पॅनिश मॉस, जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेवर टांगून ठेवलेली! तारेला टेकलेले शेंडे तपकिरी पडले. आता ती नायलॉनच्या दोरीवर आहे.

रात्री बुडवणं का चुकलं, ते नंतर कळलं. ही झाडं दिवसा पानाची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडून श्वास घेतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत ओढतात. निवडुंगाची, अननसाची हीच रीत, आणि अननस तर यांच्याच कुळातला. आपल्याकडं शेतीची लाईन रात्री येते आणि माणसं रात्रीच ओलिताला जातात, तसं यांचं काम रात्री. त्या वेळी पान पाण्यात असेल तर श्वास घेणार कुठून? एखादी रात्र निभावते, रोज नाही. आता आठवड्यातून दोनदा, सकाळी, अर्धा तास. मग उलटी धरून झटकते आणि चार तासांच्या आत कोरडी होतील अशा जागी ठेवते.

पाण्याचाही घोळच. बोअरचं पाणी खारं, पानावर पांढरा थर बसतो आणि ते खवलेच बुजतात. कूलरच्या टाकीतलं तर अजिबात नको, पाणी उडून जातं आणि क्षार खाली दाट होत राहतात. शेवटी आरओच्या जारमधलं घेते. सासूबाईंच्या मते झाडाला विकतचं पाणी पाजणारी पंचक्रोशीत मी एकटीच.

कूलरच्या हवेनं मात्र हात दिला. बाहेर 45 अंश, यांना 32 च्या वर जडच जातं. पूर्वेच्या खिडकीतला उजेड आणि कूलरपासून सात-आठ हातांवर, झोत अंगावर येणार नाही अशी जागा. ओलसर हवा सतत हलती, त्यामुळं झाडं सुकतही नाहीत आणि कुजतही नाहीत. लाईन गेली की मी आधी त्यांच्याकडं बघते, मग ह्यांच्याकडं.

आता गंमत ऐक. टिलँडसिया हे यांचं नाव झाडांना नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनिअसनं एलियास टिलँड्झ या वैद्याच्या नावावरून ठेवलं. विद्यार्थी असताना स्टॉकहोमहून फिनलंडमधल्या तुर्कूला समुद्रातून जाताना त्याला बोट इतकी लागली, की परतताना तो आखाताला वळसा घालून जमिनीनंच आला. आडनावही तसंच घेतलं, टिलँड्झ म्हणजे ‘जमिनीवरून’. लिनिअसला वाटलं, या झाडांनाही पाणी सोसत नाही. म्हणजे तुझ्याआधी त्यानंच चुकीची चिठ्ठी लिहून ठेवली होती!

आणि आयोनान्था फुलली. मे महिन्यात आतली पानं लालबुंद झाली आणि मधून जांभळ्या नळ्या निघाल्या. सासूबाई दोन दिवस येईल त्याला दाखवत होत्या, बांडगूळ हा शब्द गेला. आयुष्यात एकदाच फुलते, हे मी त्यांना जपून सांगितलं, तर म्हणाल्या, “केळीचं का येगळं असते? घड आला का खांब गेला.” खरंच बुडाशी दोन मुनवे दिसताहेत, वाटाण्याएवढे. आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढे झाले की तोडायचे, एक तुला. बल्बोसाची भरपाई समज.

दाढी पूर्वी अमेरिकेत गाद्यांत भरत असत, हे कापसाच्या गावात सांगून बघितलं. कुणी विश्वास ठेवला नाही.

मृग आला की पहिल्या सरीत दोघींना अंगणात बाजेवर ठेवणार आहे. टिनावरून गळणारं पाणी नको, त्याच्या मुलाम्यातलं जस्तही यांना बाधतं. तू सवड काढून ये, पण आधी कळव. आणि या वेळी खोक्यात झाड घातलंस तर चिठ्ठी घालू नकोस.

तुझीच,
शोभा