झातर म्हणजे थाइम नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतली झातरची पाककृती वाचली. ‘मध्यपूर्वेतला मसाला, थाइम घेतले तरी चालेल’ एवढ्यावर तिथे भागवले आहे. थाइम ही वेगळीच सुगंधी वनस्पती. आखातातल्या रुग्णालयात मी अकरा वर्षे परिचारिका होते आणि माझ्या खोलीत राहणारी सहकारी पॅलेस्टाइनमधल्या नाब्लस शहरातली होती, म्हणून हे पत्र.

झातर हे आधी एका झुडपाचे नाव. आपल्या मरव्याचे जवळचे नातलग, करड्या-हिरव्या लवदार पानांचे, पॅलेस्टाइनच्या खडकाळ उतारांवर आपसूक उगवणारे. त्याच्या वाळल्या पानांत भाजलेले तीळ, सुमाकची आंबट भुकटी आणि मीठ मिसळले की त्यालाही झातरच म्हणतात. माझी ही सहकारी सुट्टीहून परतली की बॅग उघडताच खोलीभर तो वास पसरायचा. सकाळी रोटीचा तुकडा आधी ऑलिव्हच्या तेलात बुडवायचा, मग झातरमध्ये. परीक्षेच्या दिवशी मुलांना हे खाऊ घालतात, डोके तल्लख राहते म्हणून. पोट दुखले की चहात मरमियाची, म्हणजे सेज या सुगंधी झुडपाची, पाने.

लहानपणी ती आजीबरोबर डोंगरावर जायची. मूळ हलू न देता शेंडे कसे खुडायचे, ते ती मला हवेतच बोटांनी करून दाखवायची. इस्रायलने 1977 मध्ये रानातले झातर संरक्षित ठरवले आणि खुडणाऱ्यांना दंड होऊ लागला. 2005 मध्ये अक्कूब ही काटेरी रानभाजीही त्या यादीत गेली. अति तोडणीने झाडे संपतील, हे कारण. झाड जपलेच पाहिजे. पण ज्या आज्यांना ते जपून खुडता येत होते, त्यांनाच गुन्हेगार ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पुढे घरापुरते खुडायला मुभा मिळाली. तोवर चाळीसहून अधिक वर्षे गेली होती.

पॅलेस्टाइनचे भरतकाम 2021 मध्ये आणि नाब्लसचा ऑलिव्ह तेलाचा साबण 2024 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आला. तिचे आजोबा साबणाच्या कारखान्यात वड्या रचत. हवा खेळावी म्हणून मधून पोकळ, माणसाहून उंच मनोरे. तेही हाताचेच काम.

पुढच्या अंकात कृपया दुरुस्ती छापावी. थाइम घालून केलेला पदार्थ चवीला बरा लागेल, पण तो झातर नव्हे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका