सभेत काय झालं, तू विचारलंस म्हणून

चिऊ,

फोन तू रागानं ठेवलास असं मावशी म्हणते. मी म्हणतो, दमली असशील. ठेवता ठेवता तू विचारलं होतंस, "आईच्या शोकसभेत काय बोलले सगळे?" ते सांगायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र. तपासणीचा विषय यात काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

सभा चांगली झाली. मावशी दोनदा रडली आणि दोन्ही वेळा माझ्यावरच डाफरली. आईचे विद्यार्थी एवढे आले की काहींना मागे उभं राहावं लागलं. त्यांतल्या कितीतरी जणांचे केस माझ्याहून पांढरे. आपल्या जिन्यात बसून लिहीत बसायचा तो उंच मुलगा आठवतो ना, तुझा जिनेकाका? तो आता विभागप्रमुख आहे. त्यानं त्याच्या थिसिसचा एक जुना चॅप्टर जपून ठेवलाय, तो घेऊन आला होता. पानं पिवळी पडलीत, पण समासातली आईची पेन्सिल अजून नीट वाचता येते. लाल शाईला ती हात लावायची नाही, तुला माहीतच आहे. एकाच पानावर चार-पाच ठिकाणी बारीक अक्षरात "कशावरून?" आणि खाली, "आलेख सुरेख. आता झोप."

त्या "कशावरून?"ची उत्तरं शोधता शोधता त्याचा अख्खा प्रयोगच चुकीच्या गृहीतकावर उभा असल्याचं निघालं म्हणे. त्याला वाटलं, संपलं सगळं. आईनं तो चॅप्टर काढू दिला नाही. जमलं नाही ते का जमलं नाही, हे लिहून थिसिसमध्येच ठेवायला लावलं. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवला.

सगळे गोडच बोलले असं नाही. एक जण सरळ म्हणाला, "मॅडमनी माझा पहिला पेपर इतक्यांदा परत पाठवला की मी मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्यात." टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. आणि ती, पीएचडीच्या मध्यावर दिवस राहिले होते ती. सगळे तिला सोडून दे म्हणत होते. आईनं तिच्या प्रयोगांचा क्रमच बदलला, लेखनाचं काम आधी आणि प्रयोगशाळेतली रसायनं नंतर. तिचं बाळ तू मांडीवर घेऊन बसायचीस. ते बाळ आता इंजिनीअर झालंय, फार बोलतं.

मग कुणीतरी मेरी क्यूरीची गोष्ट काढली, दरवर्षी नव्या मुलांना आई सांगायची तीच. मेरीनं 1898 साली पोलोनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य शोधलं आणि 1925 साली तिच्या मुलीनं, इरेननं, त्याच पोलोनियमच्या अल्फा किरणांवर डॉक्टरेट केली. आई हीच गाइड, म्हटलं तरी चालेल. 1935 साली इरेनला आणि तिच्या नवऱ्याला नोबेल मिळालं, ते पाहायला मेरी नव्हती. आदल्याच वर्षी गेली. आईची गोष्ट इथे संपायची. मेरी रक्ताच्या आजारानं गेली आणि 1956 साली इरेनही रक्ताच्या कर्करोगानं गेली, हे ती कधी सांगायची नाही. सभेतही कुणी सांगितलं नाही. मला मात्र तेवढंच आठवत राहिलं.

त्यांचं किरणोत्सारामुळे झालं, आपलं तसं नाही, हे मला कळतं. आपलं रिपोर्टात लिहिलंय. बीआरसीए-1 या जनुकात दोष. आईनंच तो कागद मला वाचून समजावला होता, एखाद्या विद्यार्थ्याचा निकाल असावा तसा. मेरी-क्लेअर किंग या बाईंनी हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं 1990 साली दाखवलं, त्याआधी कित्येक वर्षं त्यांचं कुणी मनावर घेत नव्हतं, हे सांगताना तिला कौतुकच वाटत होतं. स्वतःच्या रिपोर्टवर! दोष असलेल्या शंभरातल्या साठाहून जास्त बायकांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. मुलांत हा दोष उतरायची शक्यता निम्मी. दादाची तपासणी झाली, त्याच्यात नाही. पण म्हणून तुझ्या वाट्याला आलाच असेल असं नाही, आणि नसेल असंही नाही. नाणं प्रत्येकासाठी वेगळं उडतं. दोष निघाला तर आजार झाला असा अर्थ नाही, एमआरआय वेळेवर सुरू करता येतो, पुढचं ठरवता येतं.

झालं, काढलाच विषय. माफ कर. तू चाळिशीकडे आलेली बाई आहेस, तुला हे माझ्याहून जास्त कळतं.

दुसरं लिहायचं होतं ते हे, की तुला गाइडशिप मिळाली आणि पहिली विद्यार्थिनी आली हे मला दादाकडून कळलं. मी शेजारच्यांना सांगून आलो, त्यांना काही समजलं नाही, तरी सांगितलं. पोरीचा ड्राफ्ट आठवड्याच्या आत परत देत जा. पेपरवर काम तिचं असेल तर नाव तिचं आधी. आपली घरची कामं तिला सांगू नकोस. आईच्या वेळी ज्यांनी सांगितली, त्यांच्याबद्दल ती आयुष्यभर तोंड वाकडं करून बोलायची. आणि मुलगी गप्प झाली तर चॅप्टरचं विचारू नकोस, आधी झोप लागते का ते विचार. मी बँकेतला माणूस, मला यातलं काय कळतं म्हणशील. भिंतीपलीकडून ऐकलेलं सांगतोय.

गाठ आईच्या हाताला लागली ते तिनं मला त्याच रात्री सांगितलं होतं. पण कुणाचं तरी सबमिशन होतं. मग त्याचा व्हायवा आला, मग नव्या मुलांचे सिनॉप्सिस आले. "हे संपलं की जाते" असं ती म्हणायची आणि ते खोटं नसायचं, फक्त काहीतरी संपेपर्यंत दुसरं सुरू झालेलं असायचं. परवा तू फोनवर म्हणालीस, "बाबा, सेमिस्टर संपलं की बघते." तेव्हा माझा आवाज चढला तो तुझ्यावर नव्हता.

आईच्या मुलांच्या थिसिसचं कपाट विभागाच्या ग्रंथालयाला द्यायचंय, ते न्यायला येणार आहेत. जिनेकाकाचा मी ठेवून घेतलाय. तुला हवे असतील त्यांची यादी पाठव, बाजूला काढून ठेवतो. समुपदेशक बाईंचा नंबर माझ्याकडून घ्यायचा नसेल तर दादाकडे आहे. त्यांना शनिवारीही वेळ असतो, मी विचारून ठेवलंय.

बाबा