सोमवारपासून वॉर्डात

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

एप्रन इस्त्री करून बॅगेत वरच ठेवला आहे. नखं आजच काप, अंगठी इथेच काढून ठेव. सोमवारपासून बांबोळीच्या इस्पितळात तुझी फिजिओथेरपीची पोस्टिंग. इतके दिवस मैत्रिणींच्या गुडघ्यांना सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर लावून सराव केलास, आता खरा दुखणारा गुडघा समोर येईल. बोलायला गेले की माझा गळा भरून येतो, म्हणून लिहिते.

आजीचा पाय पोळला होता ते तुला अर्धवटच ठाऊक आहे. तू तेव्हा सातवीत होतीस. गुडघे शेकायला मी तिला एका ठिकाणी नेत असे. त्या दिवशी एका शिकाऊ मुलीने गरम पॅक ठेवला आणि ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. आजीचा मधुमेह जुना, पायांची जाणीव कमी झालेली. चटका तिला कळलाच नाही. घरी येऊन बघते तर हे मोठे फोड. आता तू शिकली आहेसच: एका टेस्ट ट्यूबमध्ये गरम पाणी, दुसरीत गार, पेशंटला डोळे मिटायला सांगायचं आणि विचारायचं, यातलं गरम कुठलं? मग टॉवेलचे सहा-आठ थर, आणि पाच मिनिटांनी पॅक उचलून कातडी बघायची. किती वेळ लागतो याला?

फोडांपेक्षा मला जास्त लागलं ते दुसऱ्या दिवशी. त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं, जाणीव तपासली, ठीक आहे. कुणीही तपासली नव्हती. मी तिथेच आजीजवळ बसले होते.

ती मुलगी वाईट नव्हती गं. तुझ्याच वयाची, भेदरलेली, आणि वरचं कुणी जवळ नव्हतं. 'आजी, विसरले' एवढं म्हणाली असती, तर आजीनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला असता. म्हणून सांगते, जे केलं नाहीस ते लिहू नकोस, लॉगबुकात नोंदी कमी पडल्या तरी चालेल. चुकलीस तर त्याच क्षणी मॅडमना सांग, आणि पेशंटलाही.

पुढे आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा आलेला तो मुलगा तुला आठवत असेल. तोही विद्यार्थीच. खाटेशी आल्यावर आधी नाव सांगितलं, 'मी अजून शिकतोय, सर इथेच आहेत' म्हणाला, आणि मग, 'आजी, हात लावूं?' आपल्या कोंकणीत विचारल्यावर तिचा चेहरा उजळला होता. लुळ्या हाताला धरून तिला ओढून उठवू नका, खांदा सैल झालाय, तो निसटतो, हे आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलं. शिवाय त्याने विचारलं, 'आजी, तुम्हाला घरी जाऊन काय करायचंय?' तुळशीला पाणी घालायचंय, ती म्हणाली. मग नुसतं सरळ चालवण्यावर न थांबता त्याने दोन पायऱ्या चढण्या-उतरण्याचा सराव घेतला, कारण आपल्या वृंदावनाकडे जायला दोनच पायऱ्या आहेत. तुळशीच्या लग्नाला ती काठी टेकत स्वतः अंगणात उतरली. मला तुझ्यात तो मुलगा दिसायला हवा आहे.

पाठ किंवा मांडी तपासायची तर आधी पडदा ओढ, मग चादर सरकव, आणि लागेल तेवढीच. व्हीलचेअरचा ब्रेक स्वतः लाव. ऑपरेशननंतर कुणाची पोटरी सुजून दुखत असेल आणि घरचे म्हणाले, 'जरा चोळून दे गं', तर चोळू नकोस. रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना बोलाव. ते रागावले तरी रागावू देत.

आणि एक. आपल्या साखळी गावचं कुणी ना कुणी तिथे असणारच. माडावरून पडलेला कुणी नारळ काढणारा पाडेली असेल, नाहीतर आपल्याच वाड्यावरची एखादी मावशी. फोटो काढू नकोस, एक्स-रेचासुद्धा. रविवारी घरी आलीस की मी सवयीने विचारीन, 'कोण होतं गं आपल्यातलं?' तेव्हा मलाही सांगू नकोस.

तुझी,
आई